फ्राइड लिव्हरच्या हल्ल्याला काळ्याने कोणते उत्तर निवडावे?

आंतरशालेय बुद्धिबळ स्पर्धेची पहिली फेरी सुरू होऊन दहा मिनिटे झाली की पटांच्या रांगांमधून एक चक्कर मारावी. दर काही पटांनंतर तीच स्थिती दिसते: पांढऱ्याचा उंट सी४ वर, घोडा जी५ वर, आणि काळ्या बाजूचे मूल दोन्ही हातांनी गाल धरून आपल्या एफ७ च्या प्याद्याकडे टक लावून बसलेले. मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो, आणि पालकांकडून ‘या हल्ल्याला आमच्या मुलाने काय खेळावे?’ हा प्रश्न मला इतर कोणत्याही ओपनिंगपेक्षा (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींपेक्षा) जास्त वेळा आला आहे. त्याचे एकच उत्तर सर्वांना देता येत नाही. पर्याय पाच-सहा आहेत, त्यांपैकी प्रत्येकाची किंमत वेगळी आहे, आणि ती किंमत कोणाला परवडते हे पाहूनच निवड करावी लागते. ज्यांना अशी निवड करायची आहे, त्यांच्यासाठी ही तुलना लिहिली आहे. चालींमध्ये × हे चिन्ह मारण्यासाठी आणि + हे शहासाठी वापरले आहे; क्रमांकानंतर तीन टिंबे असली तर ती काळ्याची चाल, आणि मोहऱ्याचे नाव नसले तर ती प्याद्याची चाल.

स्थिती येते ती अशी: १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ घोडा एफ६ ४. घोडा जी५. एफ७ च्या घराला सुरुवातीला फक्त राजाचे संरक्षण असते, आणि आता त्यावर उंट आणि घोडा असे दोन मोहरे रोखलेले आहेत. पांढऱ्याला एफ७ वर घोड्याने मारता आले, तर वजीर आणि हत्ती या दोघांवर एकाच वेळी मारा होतो. जर्मन उस्ताद सीगबेर्ट टाराश याने घोडा जी५ या चालीला अनाडी चाल म्हणून हिणवले होते, कारण मोहरे बाहेर काढण्याआधीच एक मोहरा दुसऱ्यांदा हलवायचा नाही, हा सुरुवातीचा नियम ती उघडपणे मोडते. तरीही पुढे बॉबी फिशरसारखा खेळाडू तीच चाल खेळला. नियम मोडून जर पांढऱ्याला एक प्यादे मिळत असेल आणि ते काळ्याला परत घेता येत नसेल, तर चालीला नुसती नावे ठेवून भागत नाही.

काळ्याजवळ एफ७ वाचवण्याचा सरळ मार्ग एकच आहे, तो म्हणजे ४... डी५ खेळून उंटाची तिरपी वाट अडवणे. पांढरा ५. ई×डी५ खेळतो. इथपर्यंत सारे सोपे आहे. निवड सुरू होते ती यानंतर, आणि बहुतेक डाव हरले जातात तेही याच चालीवर.

५... घोडा×डी५: नैसर्गिक वाटणारी चाल

समोर प्यादे दिसते, आपला घोडा ते मारू शकतो, मारल्यावर प्यादी समसमान होतात; म्हणून नव्वद टक्के नवशिक्यांचा हात आपोआप एफ६ च्या घोड्याकडे जातो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती असली तरी फार मोठी नाही. यानंतर ६. घोडा×एफ७ राजा×एफ७ ७. वजीर एफ३+ हा तो प्रसिद्ध बळी, ज्याला इटालियनमध्ये ‘फेगातेल्लो’ आणि इंग्रजीतून आलेल्या नावाने आपण ‘फ्राइड लिव्हर’ म्हणतो. पोलेरिओ या इटालियन खेळाडूने रोममध्ये १६१० च्या सुमारास तो खेळल्याची नोंद बुद्धिबळाच्या इतिहासात आहे, म्हणजे हा सापळा चारशे वर्षे जुना आहे आणि अजूनही रोज कोणीतरी त्यात सापडते.

सातव्या चालीवर काळा राजा मागे गेला तर डी५ चा घोडा जातो, म्हणून त्याला ७... राजा ई६ खेळून पटाच्या मध्यावर यावे लागते. ८. घोडा सी३ नंतर डी५ च्या घोड्यावर पांढऱ्याचे वजीर, उंट आणि घोडा असे तीन मोहरे रोखलेले असतात आणि तो घोडा राजासमोर पिन झालेला असतो, म्हणजे तो हलवला तर राजाला शह बसतो, म्हणून तो हलवता येत नाही. त्याला सांभाळायला राजा आणि वजीर पुरत नाहीत, म्हणून सी६ चा घोडा बी४ किंवा ई७ वर न्यावा लागतो. घोडा बी४ ही चाल जास्त जिवट आहे, कारण तिथून सी२ वर मारून हत्ती खाण्याची धमकी मिळते. ठरवून केलेल्या अभ्यासाने ही स्थिती काही काळ टिकवता येते, आणि ताबडतोब मात होते असे कोणी समजू नये; काळ्याजवळ एक घोडा जास्त आहे, ही गोष्ट खरी आहे. पण ई६ वरचा राजा घेऊन पुढच्या दहा चाली एकही चूक न करता खेळणे हे काम घड्याळ चालू असताना कोणाला जमते? शिवाय पांढऱ्याने बळी न देता ६. डी४ खेळले, तर त्या लोल्ली हल्ल्याला उत्तर देणे अनेकांना याहूनही अवघड जाते. हा पर्याय मी कोणालाही सुचवत नाही. तो इथे मांडला, कारण तो का नको हे कळल्याशिवाय पुढच्या पर्यायांची किंमत कळत नाही.

५... घोडा ए५: पुस्तकी उत्तर

काठावरचा घोडा वाईट, असे मुलांना पहिल्याच महिन्यात शिकवले जाते, आणि इथे मात्र उत्तम चाल म्हणजे घोडा काठावर नेऊन सी४ च्या उंटाला हात घालणे. पुढे साधारणपणे ६. उंट बी५+ सी६ ७. डी×सी६ बी×सी६ ८. उंट ई२ एच६ ९. घोडा एफ३ ई४ १०. घोडा ई५ उंट डी६ असा डाव जातो. या चाली पटावर मांडून सावकाश पाहाव्यात. पाचव्या चालीपासून दहाव्या चालीपर्यंत काळ्याची प्रत्येक चाल पांढऱ्याच्या कोणत्या ना कोणत्या मोहऱ्यावर चालून जाते: आधी उंटावर, पुन्हा उंटावर, मारता मारता तिसऱ्यांदा उंटावर, मग घोड्यावर, पुन्हा घोड्यावर, आणि दहाव्या चालीवर पुन्हा त्याच घोड्यावर. पांढरा पळत राहतो आणि काळा त्या वेळात पटाचा मध्य व्यापतो. सहा चाली सलग असे घडते, असे दुसरे ओपनिंग मला तरी चटकन आठवत नाही, आणि मुलांना हा क्रम याच पद्धतीने सांगितला की तो पाठ करावा लागत नाही, लक्षात राहतो.

किंमत मात्र आहे. प्यादी मोजली तर पांढऱ्याची सात आणि काळ्याची सहा. दहाव्या चालीनंतर पांढऱ्याने ११. डी४ खेळले आणि काळ्याने ते प्यादे वाटेतच मारले, तर पांढऱ्याचा घोडा डी३ वर येतो, काळ्याचा वजीर सी७ वर जाऊन डी६ च्या उंटासह एच२ वर नजर ठेवतो, काळ्याचे दोन्ही उंट मोकळे असतात, आणि ए५ चा घोडा अजून कामाला लागलेला नसतो. या स्थितीत काळ्याने हातावर हात ठेवून दोन-तीन चाली घालवल्या, तर पुढाकार विरून जातो आणि उरते ती फक्त एक प्यादे कमी असलेली अंतिम लढत. म्हणून ज्या मुलाला प्यादे कमी असल्याची बोच सहन होत नाही, जे पहिल्या संधीला वजिरांची मारामारी करून मोकळे होते, त्याला हा पर्याय देताना मी थांबतो.

अभ्यासही थोडा नाही. आठव्या चालीवर पांढऱ्याकडे तीन वाटा आहेत. उंट ई२ ही जुनी वाट. तिच्यातच नवव्या चालीवर घोडा एफ३ ऐवजी घोडा एच३ असा विचित्र वाटणारा फाटा आहे, जो स्टाइनिट्झ १८९० ते ९१ च्या तारेवरील सामन्यात चिगोरिनविरुद्ध खेळला आणि हरला, आणि जो फिशरने १९६३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या खुल्या स्पर्धेत बिस्गियरविरुद्ध पुन्हा काढून डाव जिंकला. दुसरी वाट वजीर एफ३, जिला ८... हत्ती बी८ हे चांगले उत्तर आहे. इथे सी६ चे प्यादे गेले तरी काळ्याचे मोहरे इतके वेगाने बाहेर येतात की घाबरण्याचे कारण नाही. तिसरी वाट उंट डी३. आपल्याच डी-प्याद्यासमोर उंट उभा करणारी ही चाल पाहून मुले हसतात, पण आजच्या काळात हीच वाट सर्वांत गंभीर मानावी लागते, कारण उंट ई४ चे घर धरून ठेवतो आणि वर दाखवलेला हाकलण्याचा क्रम तिथेच थांबतो. तिच्यावर ८... घोडा डी५ हे उत्तर मी शिकवतो: त्यामुळे वजिराची वाट उघडून जी५ च्या घोड्यावर मारा होतो आणि एफ४ वर उडी मारून डी३ च्या उंटाला घेरता येते. याखेरीज सहाव्या चालीवर शह न देता ६. डी३ खेळणारेही भेटतात. तिथे ६... एच६ ७. घोडा एफ३ ई४ ८. वजीर ई२ घोडा×सी४ ९. डी×सी४ उंट सी५ एवढे माहीत असले की काम भागते.

एवढे सगळे नीट बसायला, रोज अर्धा तास दिला तर, माझ्या अनुभवात तीन ते चार आठवडे लागतात. ज्याला क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे, रेटिंग सामने खेळायचे आहेत आणि पुढची काही वर्षे ई५ हेच उत्तर ठेवायचे आहे, त्याच्यासाठी हे कष्ट वाया जात नाहीत. प्याद्याचा मोबदला पुढाकारात कसा मोजायचा, हे शिकवणारी इतकी स्वच्छ स्थिती दुसरी मिळणे कठीण.

फ्रिट्झ आणि उल्वेस्टाड: मधला मार्ग

५... घोडा डी४ या चालीला जर्मन खेळाडू अलेक्झांडर फ्रिट्झ याचे नाव आहे आणि ५... बी५ ला अमेरिकेच्या ओलाफ उल्वेस्टाड याचे. दोन्ही एकमेकांत मिसळतात. उल्वेस्टाडची गंमत अशी की तिचे योग्य उत्तर ६. उंट एफ१ हे आहे, म्हणजे बाहेर आलेला उंट परत घरी नेणे, आणि ज्याने हे आधी पाहिलेले नाही तो माणूस ही चाल पटावर शोधून काढील याची शक्यता कमी. बहुतेक जण ६. उंट×बी५ मारतात, काळा ६... वजीर×डी५ खेळतो, बी५ आणि जी२ दोन्हींवर एकदम मारा होतो, आणि उंट सी६ वर देऊन टाकल्यावर काळ्याला दोन उंटांसह ऐसपैस खेळ मिळतो.

या कुळातला सर्वांत गाजलेला डाव एस्ट्रिन आणि हान्स बर्लिनर यांच्यात पाचव्या जागतिक पत्रव्यवहार अजिंक्यपद स्पर्धेत झाला, जी १९६५ ते ६८ या काळात चालली. बर्लिनर काळे मोहरे घेऊन बी५ खेळला, पुढे घोडा डी४, मग वजीर एच४ आणि उंट जी४ अशा चालींनी मोहरे देत गेला आणि जिंकला, आणि ती स्पर्धाही त्याने जिंकली. तो डाव प्रत्येकाने एकदा पटावर मांडून पाहावा. पण ज्याच्यावर आपले सामने अवलंबून राहणार आहेत असे शस्त्र म्हणून या ओपनिंगकडे पाहताना हे मान्य करावे लागते की आज इंजिनच्या, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रणालीच्या, मदतीने तयारी केलेला पांढरा खेळाडू इथे चांगली स्थिती मिळवतो. फ्रिट्झमध्ये ६. सी३ बी५ ७. उंट एफ१ घोडा×डी५ ८. सी×डी४ वजीर×जी५ ९. उंट×बी५+ राजा डी८ झाले की काळ्याचा किल्लेकोटाचा हक्क जातो आणि राजा मध्यावर अडकतो. म्हणजे फ्राइड लिव्हरमधून सुटून आपण त्याच्याच एका दूरच्या नातेवाइकाकडे येऊन पोहोचतो.

रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या डावांत, आणि प्रतिस्पर्धी कोण आहे हे आधी माहीत असताना, उल्वेस्टाड हा घोडा ए५ ला चांगला जोडीदार आहे. एकट्याने तो पुरत नाही.

४... उंट सी५: ट्रॅक्सलर

इथे काळा एफ७ वाचवतच नाही. कारेल ट्रॅक्सलर हे चेक धर्मगुरू आणि बुद्धिबळ कोडी रचणारे गृहस्थ. १८९० मध्ये होस्टोन येथे राइनिशविरुद्धच्या डावात त्यांनी एफ७ वर घोडा मारू दिला, उलट एफ२ वर उंटाचा बळी दिला आणि पांढऱ्या राजाला पटावर फिरवून मात केली. अमेरिकेत याच पद्धतीला विल्क्स-बॅरे या गावाचे नाव आहे.

इंटरनेटवरच्या चित्रफितींमुळे मुलांना ट्रॅक्सलरचे फार आकर्षण आहे, आणि ५. घोडा×एफ७ असे लोभाने मारणाऱ्याविरुद्ध ५... उंट×एफ२+ नंतर काळ्याला खरोखर भयंकर हल्ला मिळतो. पण पांढऱ्याने ५. उंट×एफ७+ राजा ई७ ६. उंट बी३ एवढ्या दोन साध्या चाली खेळल्या, की पांढऱ्याचे एक प्यादे जास्त, काळ्याचा किल्लेकोट गेलेला, आणि त्याबदल्यात काळ्याला मिळते ती एफ ही उघडी रांग आणि हत्ती एफ८, वजीर ई८ असा थोडासा खेळ. पाच मिनिटांच्या डावात हे चालून जाते. नव्वद मिनिटांच्या डावात समोरचा विचार करायला बसतो, आणि विचार केलेल्या माणसाला उंटाने मारणे सापडतेच. मी इतक्या मुलांना ट्रॅक्सलरवर आधी चार सामने जिंकून पाचव्यात, बहुधा ज्याची गरज सर्वांत जास्त होती त्या सामन्यात, हरताना पाहिले आहे की मुख्य शस्त्र म्हणून ते देणे मला योग्य वाटत नाही.

३... उंट सी५: हल्ला येऊच न देणे

तिसऱ्या चालीवर घोडा एफ६ ऐवजी उंट सी५ खेळला, तर ४. घोडा जी५ ला ४... वजीर×जी५ हे सरळ उत्तर आहे. वजिराची वाट अडवणारा घोडा एफ६ वर नसतो आणि पांढऱ्याचा घोडा फुकट जातो. पांढऱ्याने आधी डी३ किंवा किल्लेकोट करून, काळ्याचा घोडा एफ६ वर आल्यावर पाचव्या चालीवर घोडा जी५ खेळला तर काय, हा पुढचा प्रश्न मुले लगेच विचारतात आणि तो योग्य आहे. काळ्याचा उंट आधीच बाहेर आलेला असल्याने तो त्याच क्षणी किल्लेकोट करतो आणि हत्ती एफ७ सांभाळतो. मग ६. घोडा×एफ७ हत्ती×एफ७ ७. उंट×एफ७+ राजा×एफ७ असे झाले, तर बोटांवर हिशेब करणाऱ्या मुलाला हत्तीचे पाच आणि प्याद्याचा एक मिळून सहा, समोर उंट आणि घोडा मिळून सहा, म्हणजे बरोबरी दिसते. प्रत्यक्षात पांढऱ्याने आपले बाहेर आलेले दोन्ही मोहरे खर्च केले आहेत, त्याचा हत्ती बराच काळ कामाचा नाही, आणि काळ्याचे मोहरे मोकळे आहेत. हा हिशेब मी फळ्यावर मांडून दाखवतो, आणि तो पटलेले मूल पुढे कधीही सुरुवातीलाच उंट-घोडा देऊन हत्ती-प्यादे घेत नाही.

या पर्यायाची किंमत वेगळ्या जागी द्यावी लागते. इटालियन डावाच्या या शाखेचे नावच ‘जुओको पियानो’, म्हणजे संथ खेळ, असे आहे, ४. सी३ घोडा एफ६ ५. डी३ नंतर दोन्ही बाजू कित्येक चाली आपले मोहरे जागेवर लावत राहतात, आणि ज्याला घाई आहे त्याला त्याचा कंटाळा येतो. दुसरे, इथेही पांढऱ्याकडे तीव्र वाटा आहेतच. ५. डी४ खेळून मध्य फोडणाऱ्याला ५... ई×डी४ ६. ई५ वर ६... डी५ हे एक उत्तर, आणि ६. सी×डी४ वर ६... उंट बी४+ ७. उंट डी२ उंट×डी२+ ८. घोडा×डी२ डी५ हे दुसरे उत्तर माहीत असलेच पाहिजे. दोन्हींत डी५ हीच चाल तारते, ही लक्षात ठेवण्याची खूण. आणि ४. बी४ हा एव्हान्स गॅम्बिट आहे, म्हणजे सुरुवातीलाच प्यादे देऊन हल्ला मिळवण्याचा प्रकार, ज्यात कास्पारोव्हने १९९५ मध्ये रिगा येथे आपल्या विश्वनाथन आनंदला पंचवीस चालींत हरवले होते. म्हणजे शांतता इथेही आयती मिळत नाही. पण एफ७ वर दोन मोहरे रोखलेले असताना एकच चाल शोधण्याची वेळ मात्र येत नाही.

३... उंट ई७, म्हणजे हंगेरियन बचाव, हा याहून भक्कम आणि याहून आखूड. पांढरा ४. डी४ खेळून जागा मिळवतो आणि काळा ४... डी६ खेळून दाटीवाटीत पण सुरक्षित बसतो. एका आठवड्यावर स्पर्धा आली असेल तर एवढेच शिकवून पाठवता येते. आणि ३... एच६, जी घराघरांतून खेळली जाते, ती जी५ चे घर बंद करते खरी, पण त्यासाठी पूर्ण एक चाल खर्च होते आणि ४. डी४ नंतर पांढऱ्याचे मोहरे पुढे निघून जातात. भीतीपोटी एच६ खेळण्याची सवय एकदा लागली की ती इतर प्रत्येक ओपनिंगमध्ये शिरते, म्हणून मी ती पहिल्याच दिवशी मोडतो.

कोणी काय निवडावे

आठ-नऊ वर्षांचे मूल, ज्याने जेमतेम वर्षभर बुद्धिबळ खेळले आहे, त्याने उंट सी५ घ्यावा. नोकरी सांभाळून रविवारच्या रॅपिड स्पर्धा खेळणाऱ्या प्रौढ व्यक्तीनेही तोच घ्यावा, कारण तिच्याकडे उंट डी३ ची वाट दर काही महिन्यांनी पुन्हा उजळायला वेळ नसतो, आणि अर्धवट आठवणारा घोडा ए५ हा पूर्ण आठवणाऱ्या उंट सी५ पेक्षा निश्चितच वाईट. ज्याचे रेटिंग वाढत आहे, ज्याला पुढाकारासाठी प्यादे द्यायला भीती वाटत नाही, आणि ज्याला काळे मोहरे घेऊनही जिंकायचे आहे, त्याने घोडा एफ६ आणि घोडा ए५ ही जोडी मनापासून शिकावी. ट्रॅक्सलर आणि फ्रिट्झ मित्रांबरोबरच्या डावांसाठी ठेवावेत.

माझ्याकडे येणारी एक नऊ वर्षांची मुलगी लागोपाठ दोन स्पर्धांत घोडा×डी५ खेळून हरली होती. तिला मी उंट सी५ शिकवला आणि तो तिने सव्वा वर्ष खेळला. मग एके दिवशी तीच पट मांडून म्हणाली, ‘सर, आता मला तो काठावरचा घोडा दाखवा.’ आम्ही आठव्या चालीपर्यंतची स्थिती मांडली, आधी तिला पांढरी बाजू दिली, उंट डी३ खेळायला लावले, आणि मग पट फिरवला. घोडा डी५ तिने स्वतः शोधला.